व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा: एका दिवसात शेजारची राजधानी

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना आणि स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा यांच्यात सुमारे साठ किलोमीटरचे अंतर आहे. रस्त्याने ते ऐंशीच्या घरात जाते, म्हणजे मुंबई-पुणे अंतराच्या निम्म्याच्या आसपास. रोम आणि व्हॅटिकन ही जोडी वगळली तर युरोपात इतक्या जवळ वसलेल्या दोन राजधान्या नाहीत. ब्रातिस्लाव्हाचे आणखी एक वेगळेपण आहे. शहराची हद्द ऑस्ट्रियालाही भिडते आणि हंगेरीलाही. दोन परक्या देशांना लागून असलेली जगातली ही एकमेव राजधानी आहे. त्यामुळे व्हिएन्नात तीन-चार दिवस मुक्काम असलेल्या पर्यटकाला सकाळी निघून दुसऱ्या देशाची राजधानी पाहून रात्री जेवायला परत येता येते. अशा मार्गदर्शित एकदिवसीय सहली व्हिएन्नातून वर्षभर निघतात.

भारतीय पर्यटकाचा पहिला प्रश्न व्हिसाचा असतो. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हाकिया दोन्ही शेंगेन करारात असल्यामुळे एकच व्हिसा दोन्हीकडे चालतो. स्लोव्हाकियात जाणे म्हणजे शेंगेन क्षेत्राच्या बाहेर जाणे नव्हे. त्यामुळे एकदाच प्रवेशाची मुभा असलेल्या व्हिसावरही ही सहल करता येते, पासपोर्टवर शिक्काही बसत नाही. व्हिसाचा अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहायचे त्याच्याकडे करायचा असतो, म्हणून एका दिवसाच्या ब्रातिस्लाव्हाने त्या हिशेबात फरक पडत नाही. पासपोर्ट मात्र हॉटेलच्या तिजोरीत ठेवून निघू नये. शेंगेन देशांना अडचणीच्या काळात सीमेवर तात्पुरती तपासणी सुरू करण्याचा अधिकार आहे आणि गेल्या काही वर्षांत मध्य युरोपात तो अनेकदा वापरला गेला आहे. गाडीत चढलेल्या पोलिसाला मोबाइलमधला फोटो पुरत नाही. चलनाची कटकट नाही, कारण १ जानेवारी २००९ पासून स्लोव्हाकियातही युरोच चालतो.

जाण्याचे मार्ग तीन. रेल्वे सर्वांत सोपी: व्हिएन्नाच्या मुख्य स्थानकावरून साधारण तासाभरात ब्रातिस्लाव्हा येते आणि जाण्या-येण्याचे तिकीट सवलतीत मिळते. गाड्या दोन वाटांनी जातात. मार्खेगवरून जाणारी उत्तरेकडची जुनी वाट १८४८ मध्ये सुरू झाली आणि ती शहराच्या मुख्य स्थानकात जाते. दुसरी किटसेवरून डॅन्यूबच्या दक्षिण काठावरच्या पेत्रझाल्का स्थानकात पोहोचते. जुन्या शहरापासून ही दोन स्थानके वेगवेगळ्या दिशांना असल्याने तिकीट काढताना नाव नीट वाचावे लागते. स्वतःहून जाणाऱ्यांची फसगत बहुतेक इथेच होते. बसही तेवढाच वेळ घेते, आणि ती विमानतळावरून जात असल्याने पाहुण्यांपेक्षा नोकरदारांच्या सोयीची आहे. तिसरा मार्ग नदीचा. व्हिएन्नाच्या श्वेडनप्लाट्झ धक्क्यावरून सुटणारी वेगवान कॅटामरान बोट प्रवाहाबरोबर सव्वा तासात ब्रातिस्लाव्हाला पोहोचते. परतताना प्रवाहाच्या उलट जायचे असल्याने तिला जास्त वेळ लागतो. हिवाळ्यात ही सेवा बंद असते. मार्गदर्शित सहलींत जाताना बोट आणि येताना बस अशी जोडणी बऱ्याचदा केलेली असते आणि ती शहाणपणाची आहे, कारण या प्रवासाची निम्मी गोष्ट नदीकाठावरच आहे.

व्हिएन्ना मागे पडले की डॅन्यूबच्या दोन्ही तीरांवर पाणथळ जंगल सुरू होते. ते आज टिकून आहे ते एका आंदोलनामुळे. १९८४ मध्ये हाइनबुर्ग गावाजवळ मोठा जलविद्युत प्रकल्प उभारायचे ठरले होते. त्या डिसेंबरात हजारो लोकांनी कडाक्याच्या थंडीत जंगलात तळ ठोकला. पोलिसांशी झटापटी झाल्या, सरकारला झाडतोड थांबवावी लागली आणि पुढे प्रकल्पही गुंडाळला गेला. १९९६ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. ऑस्ट्रियातल्या पर्यावरण चळवळीचा इतिहास या घटनेपासून मोजला जातो, तरी बोटीवरच्या ध्वनिमुद्रित माहितीत तिला एखादेच वाक्य मिळते.

पुढे दक्षिण तीरावर कार्नुंटुम लागते. डॅन्यूब ही रोमन साम्राज्याची उत्तर सीमा होती आणि कार्नुंटुम हे त्या सीमेवरचे लष्करी ठाणे व मोठे नगर होते. सम्राट मार्कस ऑरेलियसने मार्कोमानी टोळ्यांशी लढताना इथे दीर्घ मुक्काम केला आणि त्याच्या चिंतनपर टिपणांतला काही भाग इथे लिहिला. या रोमन सीमेचा पश्चिमेकडचा पट्टा २०२१ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आला. ब्रातिस्लाव्हाच्या हद्दीतले गेरुलाता हे ठाणेही त्याच यादीत आहे. आज दोन देशांत विभागलेली ही ठाणी रोमन काळात एकाच संरक्षण-रेषेचे मणके होती.

नंतर डाव्या बाजूला उभ्या कड्यावर देवीनचा भग्न किल्ला दिसतो. खाली मोराव्हा नदी डॅन्यूबला मिळते. १८०९ मध्ये नेपोलियनच्या सैनिकांनी हा किल्ला सुरुंगाने उडवला. स्लोव्हाक राष्ट्रवादाने एकोणिसाव्या शतकात त्याला आपल्या प्राचीन स्लाव्ह वारशाची खूण मानले. विसाव्या शतकात मात्र या संगमाला वेगळाच अर्थ आला. मोराव्हाच्या पलीकडे ऑस्ट्रिया, अलीकडे साम्यवादी चेकोस्लोव्हाकिया, आणि मधल्या काठावर काटेरी तारांची कुंपणे, टेहळणीचे मनोरे व गस्तीचे कुत्रे. काही वर्षे तर त्या तारांतून वीज सोडलेली असे. पलीकडे जाऊ पाहणाऱ्यांतल्या अनेकांचा त्यात जीव गेला. किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे: गोळ्यांनी भोके पडलेले एक दार. देवीन जुन्या शहरापासून काही किलोमीटर दूर असल्याने बहुतेक सहली तिथे थांबत नाहीत. निवडायला वाव असेल तर देवीनला थांबणारी सहल निवडावी, मग शहरातल्या दुकानांसाठीचा तास कमी झाला तरी चालेल.

शहरात उतरल्यावर सहल पायी असते. ब्रातिस्लाव्हाचे जुने शहर लहान आहे आणि त्याचा गाभा गाड्यांना बंद आहे. दोन-अडीच तासांत ते सावकाश फिरून होते. व्हिएन्नाहून आलेला मार्गदर्शक अनेकदा इथे स्थानिक मार्गदर्शकाच्या हाती गट सोपवतो. ऑस्ट्रियात मार्गदर्शकाचा व्यवसाय परीक्षा देऊन परवाना मिळवल्याशिवाय करता येत नाही, त्यामुळे बसमध्ये मिळणारी माहिती सहसा विश्वासार्ह असते. स्वतःहून आलेल्यांसाठी मुख्य चौकातून टिपवर चालणाऱ्या पायी सहलीही निघतात. आधी पैसे नाहीत, शेवटी इच्छेनुसार द्यायचे. त्यांत विनोद जास्त आणि तारखा कमी असतात.

चढण चढून आधी शहराचा किल्ला पाहायची प्रथा आहे. चार कोपऱ्यांना चार बुरूज असलेली ही पांढरी चौकोनी इमारत उलट्या ठेवलेल्या टेबलासारखी दिसते, असे शहरातले लोकच म्हणतात. १८११ च्या आगीत किल्ला जळाला आणि जवळजवळ दीड शतक उघडा भग्नावशेष म्हणून पडून राहिला. आज दिसते ती विसाव्या शतकातली पुनर्बांधणी आहे. आत दालने आहेत, पण अर्ध्या दिवसाच्या सहलीत ती पाहण्यात वेळ घालवू नये. गच्चीवरून दिसणारा देखावा महत्त्वाचा. स्वच्छ दिवशी इथून ऑस्ट्रियाच्या सपाट शेतांतल्या पवनचक्क्या आणि हंगेरीकडचा मुलूख एकाच नजरेत येतो. एक धागा व्हिएन्नाकडेही जातो. महाराणी मारिया थेरेसाची मुलगी आणि जावई आल्बर्ट या किल्ल्यात राहत असत, आणि आल्बर्टने चित्रे व रेखाटने जमवायला सुरुवात केली ती इथल्याच वास्तव्यात. व्हिएन्नातले आल्बर्टिना संग्रहालय त्याच संग्रहातून उभे राहिले.

मारिया थेरेसाचे नाव या शहरात पदोपदी निघते आणि त्याला कारण आहे. १५२६ च्या मोहाचच्या लढाईत हंगेरीच्या राजाचा ऑटोमन सैन्याकडून पराभव झाला आणि पुढे बुडा शहरही तुर्कांच्या ताब्यात गेले. तेव्हा हंगेरीची राजधानी सुरक्षित अशा उत्तरेकडच्या या शहरात हलवावी लागली. जर्मन भाषेत त्याला प्रेसबुर्ग म्हणत, हंगेरियनमध्ये पोझोन्य. १५६३ ते १८३० या काळात हंगेरीच्या ११ राज्यकर्त्यांचे राज्याभिषेक इथल्या सेंट मार्टिन कॅथीड्रलमध्ये झाले. पंच्याऐंशी मीटर उंच मनोऱ्याच्या टोकावर क्रूसाऐवजी सोनेरी मुकुट आहे तो त्यामुळे. राज्याभिषेकाच्या मिरवणुकीची वाट आजही रस्त्यात बसवलेल्या लहान पितळी मुकुटांनी दाखवलेली असते. मार्गदर्शकाशिवाय फिरणारेही ते मुकुट शोधत गेले तर जुन्या शहरात वाट चुकत नाही.

मारिया थेरेसाचा राज्याभिषेक २५ जून १७४१ रोजी झाला. वारसाहक्काचे युद्ध पेटलेले होते, प्रशियाने सिलेशिया घेतला होता आणि तेवीस-चोवीस वर्षांच्या या बाईला हंगेरीच्या सरदारांच्या फौजांची नितांत गरज होती. रिवाजानुसार नव्या राजाने राज्यभरातून आणलेल्या मातीच्या टेकाडावर घोडा चढवायचा आणि चारही दिशांना तलवार फिरवून राज्याच्या रक्षणाची शपथ घ्यायची. तिने तेही केले. त्यासाठी ती घोड्यावर बसायला शिकली होती. सप्टेंबरात तिने किल्ल्यावर जमलेल्या सरदारांकडे मदत मागितली आणि ती मिळाली.

ते टेकाड आता नाही. त्या जागी १८९७ मध्ये मारिया थेरेसाचा भव्य संगमरवरी पुतळा बसवला गेला. १९१८ नंतर शहर नव्या चेकोस्लोव्हाकियात आले आणि १९२१ मध्ये तो पुतळा फोडून टाकण्यात आला. आज त्याच चौकात स्लोव्हाक भाषेला एकोणिसाव्या शतकात प्रमाणरूप देणाऱ्या ल्युदोव्हित श्तूरचे शिल्प आहे. ब्रातिस्लाव्हात मार्गदर्शक घ्यावा तो अशा जागांसाठी. व्हिएन्ना डोळ्यांनी पाहता येते. तिथे राजवाडे, ऑपेरा, संग्रहालये जागच्या जागी उभी आहेत. ब्रातिस्लाव्हातल्या महत्त्वाच्या गोष्टींपैकी बऱ्याच नाहीशा झालेल्या आहेत आणि त्या कुणीतरी सांगितल्याशिवाय दिसत नाहीत.

याचे सर्वांत ठळक उदाहरण कॅथीड्रलच्या दाराशीच आहे. कॅथीड्रलला जवळजवळ घासून एक रुंद, वाहता रस्ता डॅन्यूबवरच्या पुलाकडे जातो. १९७२ मध्ये खुला झालेला हा पूल एकाच झुकत्या खांबाने पेलला आहे आणि त्या खांबाच्या माथ्यावर तबकडीसारखे उपाहारगृह आहे. त्याला लोक यूएफओ म्हणतात. पुलाकडे जाणारा रस्ता काढण्यासाठी किल्ल्याखालचा जुना ज्यू मोहल्ला पाडला गेला. कॅथीड्रलशेजारी उभे असलेले मूरिश शैलीतले सिनेगॉगही १९६९ मध्ये पाडण्यात आले. त्याआधीच, दुसऱ्या महायुद्धात, नाझींच्या कह्यातल्या स्लोव्हाक राजवटीने शहरातल्या बहुतेक ज्यूंना मृत्युछावण्यांकडे पाठवले होते. ज्यांचा मोहल्ला होता ते उरले नव्हते, म्हणून पाडणे सोपे गेले. आज तिथे एक स्मारक आणि काळ्या दगडावर कोरलेली सिनेगॉगची आकृती आहे. जवळच नदीकाठच्या रस्त्याखाली खातम सोफेर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धर्मगुरूची समाधी आहे. १८०६ पासून १८३९ पर्यंत ते इथे प्रमुख रब्बी होते आणि त्यांच्या पाठशाळेमुळे प्रेसबुर्ग हे नाव सनातनी ज्यू जगात दूरवर पोहोचले. तिथली दफनभूमी युद्धकाळात हटवली गेली, पण त्यांची आणि आसपासची थोडी थडगी जमिनीखाली राखली गेली. जगभरातून ज्यू यात्रेकरू तिथे येतात. ठराविक सहलींत ही जागा नसते आणि भेटीची वेळ आधी ठरवावी लागते.

शहराची लोकवस्तीही अशीच बदललेली आहे. १९१० च्या जनगणनेत इथे सुमारे ४२ टक्के जर्मन भाषक, जवळजवळ तेवढेच हंगेरियन भाषक आणि केवळ १५ टक्क्यांच्या आसपास स्लोव्हाक होते. आज शहर जवळपास पूर्णपणे स्लोव्हाक आहे. ब्रातिस्लाव्हा हे नावही अधिकृतपणे १९१९ पासूनचे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनांची हकालपट्टी झाली. जुन्या दुकानांवरच्या पाट्या तीन भाषांत असत, हे आता संग्रहालयातच कळते.

यानंतरचा टप्पा हलका असतो. तटबंदीच्या चार वेशींपैकी टिकलेली एकच, मायकेलची वेस, तिच्या मनोऱ्यासह. मुख्य चौक, त्यातले १५७२ चे कारंजे आणि जुने नगरभवन. त्यामागे आर्चबिशपचा गुलाबी प्रासाद. ऑस्टरलिट्झच्या लढाईनंतर नेपोलियनच्या फ्रान्सने पराभूत ऑस्ट्रियाशी २६ डिसेंबर १८०५ रोजी प्रेसबुर्गचा तह केला तो याच प्रासादातल्या आरसेमहालात. शहराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही इमारत घेतली आणि १९०३ मध्ये दुरुस्ती करताना भिंतीआड सतराव्या शतकातल्या सहा इंग्रजी भिंतचित्रगालिच्यांचा संच सापडला. हेरो आणि लिआंडर या ग्रीक प्रेमिकांची कथा त्यांवर विणलेली आहे. रंग अजून ताजे आहेत. तिकीट स्वस्त, गर्दी नाही. मोकळ्या वेळेत पाहण्यासारखी शहरातली ही सर्वांत चांगली जागा ठरावी.

गर्दी असते ती चुमिलभोवती. गटाराच्या झाकणातून डोके काढून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहणारा हा कांस्याचा कामगार १९९७ मध्ये बसवला गेला. तो नेमका कशाचे प्रतीक, यावर प्रत्येक मार्गदर्शक वेगळी गोष्ट रचतो आणि त्या सगळ्या सोयीस्कर असतात. त्याच्या डोक्याला हात लावून फोटो काढणे आता सहलीच्या शिष्टाचारात जमा झाले आहे. जुन्या शहराबाहेर दहा मिनिटांच्या अंतरावरचे फिकट निळे सेंट एलिझाबेथचे चर्च त्याहून पाहण्यासारखे. बुडापेस्टचा वास्तुकार ओडोन लेखनरने आखलेले हे चर्च १९१३ मध्ये पूर्ण झाले. भिंती, छपराची कौले, आतली बाके सगळीकडे निळा रंग. पण उघडण्याच्या वेळा मोजक्या, म्हणून बहुतेकांना दाराच्या जाळीतूनच आत डोकावावे लागते.

जेवणात ब्रिंझोव्हे हालुश्की हा स्लोव्हाकियाचा ठेवणीतला पदार्थ मागवला जातो: किसलेल्या बटाट्याचे आणि मैद्याचे उकडलेले लहान गोळे, त्यावर मेंढीच्या दुधाचे खारट, मऊ चीज आणि वर तळलेल्या डुकराच्या चरबीचे तुकडे. शाकाहारी माणसाने ते तुकडे नकोत असे आधीच सांगावे, नंतर वेचून काढण्यात अर्थ नसतो, कारण वितळलेली चरबीही वर ओतलेली असते. दुसरा सोपा पर्याय म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेले चीज. गोडात ब्रातिस्लाव्हाचे वळलेले रोल प्रसिद्ध आहेत. आत खसखशीचे किंवा अक्रोडाचे सारण असते. ही खसखस आपल्या पांढऱ्या खसखशीसारखी नसून निळसर काळी असते आणि सारण गडद काळे दिसते.

या सहलीत सीमा ओलांडल्याचे कळतच नाही, आणि ही गोष्ट इथे नवी नाही. फेब्रुवारी १९१४ मध्ये व्हिएन्ना ते प्रेसबुर्ग विजेची गाडी सुरू झाली. दोन्ही शहरांत ती ट्रामसारखी रस्त्यावरून धावे आणि मधल्या शेतांतून रेल्वेसारखी. प्रेसबुर्गची माणसे संध्याकाळी ऑपेरा ऐकायला व्हिएन्नाला जात आणि रात्री घरी परतत, असे शहरात आजही सांगितले जाते. काही वर्षांतच ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य मोडले, मध्ये सरहद्द आली. १९३८ मध्ये डॅन्यूबच्या दक्षिण तीरावरचे पेत्रझाल्का जर्मनीने आपल्यात घेतले आणि शहराची नदीच सीमा झाली. युद्धानंतर सीमेपलीकडची गाडी बंद पडली, आणि चाळीस वर्षे व्हिएन्ना हे ब्रातिस्लाव्हातल्या माणसासाठी किल्ल्यावरून दिसणाऱ्या आकाशाखालचे, पण न पोहोचता येणारे शहर झाले. त्याच काळात पेत्रझाल्कात तयार काँक्रीटच्या पाट्यांच्या इमारतींची प्रचंड वसाहत उभी राहिली. एक लाखाहून अधिक लोक आजही तिथे राहतात. पुलावरून ती पूर्ण दिसते आणि मार्गदर्शक ती घाईने ओलांडतात. खरे तर राजधानीचा चौथा हिस्सा जिथे राहतो ती वसाहत पाहिल्याशिवाय हे शहर अर्धेच कळते.

१० डिसेंबर १९८९ रोजी, साम्यवादी राजवट संपवणाऱ्या मखमली क्रांतीच्या दिवसांत, ब्रातिस्लाव्हातून हजारो लोक पायी सीमा ओलांडून हाइनबुर्गला गेले.  १९९३ च्या पहिल्या दिवशी स्लोव्हाकिया वेगळा देश झाला, १ मे २००४ रोजी युरोपीय संघात आला आणि २१ डिसेंबर २००७ रोजी शेंगेनमध्ये. तेव्हापासून वाहतूक उलट्याही दिशेने सुरू झाली आहे. ब्रातिस्लाव्हातली घरे महाग झाली म्हणून अनेक स्लोव्हाक कुटुंबांनी सीमेपलीकडच्या किटसे, वोल्फस्टाल, हाइनबुर्ग या ऑस्ट्रियन गावांत घरे घेतली. राहायचे ऑस्ट्रियात आणि कामाला यायचे आपल्याच राजधानीत. त्या जुन्या विजेच्या गाडीचा ऑस्ट्रियातला भाग अजून चालू आहे. व्हिएन्नाची एक लोकल वोल्फस्टालपर्यंत, सीमेच्या थोडी अलीकडे, जाते आणि तिथेच संपते.

परतीचा प्रवास सहसा संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास सुरू होतो. बोटीने परतायचे असेल तर शेवटच्या फेरीची वेळ आधी पाहून ठेवावी, कारण ती ऋतूप्रमाणे बदलते. चुकली तर रेल्वे किंवा बसने जावे लागते, आणि या गाड्या रात्री उशिरापर्यंत असतात. गटाबरोबर आलेल्यांना ठरलेल्या जागी दहा मिनिटे आधी उभे राहावे लागते. बस थांबण्याची जागा बहुतेक नदीकाठी, त्या पुलाजवळ असते.